अभिनंदन नाही लिहिणार मी

आज सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर मावसभावाने फोटो टाकला. देव्हाऱ्यासमोर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर नवंकोरं पिस्तूल, कुंकवाचं बोट लावलेलं, बाजूला झेंडूची फुलं. खाली ओळ, "अखेर परवाना मिळाला. स्वामींची कृपा." दुपारपर्यंत ग्रुप अभिनंदनाने भरला. मामाचे अंगठे, मावशीचे जोडलेले हात, भाच्याचं "दादा एक नंबर". घरात मूल झालं, पोरगी दहावी पास झाली की जे लिहितात, तेच आणि तसंच.

मी एवढंच विचारलं, "कशासाठी घेतलंस रे?"

उत्तर आलं, "ताई, सेफ्टी. बिल्डर लाइनमध्ये दुश्मन असतात. आणि कायदा काय, सरळ माणसालाच बांधतो. गुंडांकडे कट्टे असतातच. कायद्याने मारामाऱ्या थांबल्या असत्या तर पोलीस कशाला लागले असते?" त्यावर पुन्हा चारपाच अंगठे.

तिथे ग्रुपवर भांडायचं नव्हतं म्हणून गप्प बसले. पण दिवसभर डोक्यातून जाईना. ट्रेनमध्ये लिहायला घेतलं, आता जेवणं आटोपल्यावर पुरं करतेय. लांबणार आहे.

आमच्या काकांकडे बारा बोअरची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना. सिंधुदुर्गातल्या मित्रमंडळींना यात नवीन काही नाही, आपल्याकडे असे परवाने वाडीवाडीत आहेत, रानडुकरं आणि माकडांसाठी. माजघरातल्या खुंटीला ती चामड्याच्या पट्ट्याने अडकवलेली असायची. दस्ता घासून घासून भिंतीच्या चुन्यावर तेलकट, गुळगुळीत डाग पडला होता. काडतुसं बोर्नव्हिटाच्या डब्यात, डबा फडताळात सगळ्यात वर. मे महिन्यात काका ती ओसरीवर मोडून बसायचे, सळईला चिंधी गुंडाळून नळीतून फिरवायचे आणि आम्हा पोरांना लांब बसवायचे. शिस्तीचा माणूस. पोलीस ठाण्याची पायरी फक्त परवान्याच्या कामासाठी चढलेला.

२००४ साल, लोकसभेची निवडणूक, एप्रिल महिना, काजूचा हंगाम. गडग्यावर एक काजूचं झाड होतं, अर्धं आमच्याकडे झुकलेलं, अर्धं काकांच्या चुलतभावाकडे. त्या झाडावरून आजोबांच्या वेळेपासून धुसफूस. त्या दिवशी त्यांच्या गड्याने आमच्या बाजूच्या बिया गोळा केल्या. शब्दाला शब्द वाढला, कोणीतरी कोणाच्या तरी आईपर्यंत गेलं. मी पडवीत होते. काका वळले आणि घरात आले. मला ओलांडून गेले, पण मी तिथे आहे हे त्यांना दिसलंसुद्धा नाही. सरळ माजघरात. हात वर गेला, खुंटीवर.

खुंटी रिकामी होती.

आचारसंहिता लागलेली. तेव्हा सरसकट सगळ्यांच्या बंदुका पोलिसांत जमा करून घ्यायचे. काकू चुलीकडून ओरडली, "तुमीच ठेवन इलास मा पोलिसांत!" काका खुंटीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग कोपऱ्यातला दांडका उचलला आणि बाहेर धावले. तेवढ्यात वाडी जमली होती. एक दांडका चुलतकाकांच्या खांद्यावर बसला, त्यांनी भिरकावलेल्या दगडाने काकांचं कपाळ फुटलं. दोघांनाही एकाच रिक्षातून ग्रामीण रुग्णालयात नेलं, कारण वाडीत दुसरी रिक्षाच नव्हती. टाके पडले, तक्रार झाली, उलट तक्रार झाली, पुढे गाववाल्यांनी बसून मिटवलं.

आता सांगा, माझे काका गुंड होते का?

"सरळ माणूस, सरळ माणूस" जे चाललंय ना, त्याचाच मला राग येतो. सरळपणा काय आधार कार्डावर छापलेला असतो? एकदा शिक्का बसला की मरेपर्यंत सरळ? काका सकाळी सरळ होते, दुपारीही सरळ होते, मधल्या त्या पाच मिनिटांत नव्हते. ती पाच मिनिटं प्रत्येकाच्या आयुष्यात येतात. त्या पाच मिनिटांत हाताला काय लागतं, सगळा प्रश्न तेवढाच आहे. दांडका लागला तर टाके पडतात. बारा बोअर लागली असती तर एक काका स्मशानात आणि दुसरे कळंब्याच्या जेलमध्ये गेले असते, आणि आम्हा चुलतभावंडांनी आजही एकमेकांची तोंडं पाहिली नसती.

कायद्याने माझ्या काकांना सुधारलं नाही. त्यांचा राग कमी केला नाही. काजूचं झाडही तिथेच होतं. कायद्याने फक्त ती बंदूक काही आठवडे लांब ठेवली. तेवढं पुरलं. म्हणून "कायद्याने हिंसा थांबत नाही" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं. माझ्या डोळ्यांसमोर थांबलीय ती.

आणि परवानाधारकांकडून काही होतच नाही, हे कोणी सांगितलं? २ फेब्रुवारी २०२४ विसरलात? उल्हासनगरला, हिल लाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये, एका आमदाराने दुसऱ्या पक्षाच्या शहरप्रमुखावर गोळ्या झाडल्या. सगळ्या महाराष्ट्राने सीसीटीव्हीवर पाहिलं. वाद कशाचा? जमिनीचा. गडग्यावरच्या काजूचाच वाद तो, फक्त भाव कोटींतला. पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या खुर्चीसमोर ज्याला राग आवरला नाही, तो घरी काय आवरणार?

त्याला आठवडाही झाला नव्हता, ८ फेब्रुवारीला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना फेसबुक लाइव्ह चालू असताना मारलं. याच फेसबुकवर. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी तो व्हिडिओ पाहिला आणि रात्रभर झोपले नाहीत. मारणाऱ्याने नंतर स्वतःलाही संपवलं. पिस्तूल कोणाचं होतं? त्याच्या अंगरक्षकाचं, असं पोलीस तपासात पुढे आलं. म्हणजे सुरक्षेसाठी आणलेली वस्तू. कोणाची सुरक्षा झाली हो त्यातून?

भावा, तू हे वाचणार आहेस, मला माहीत आहे. तुझं पिस्तूलही सेफ्टीसाठीच आहे. बाबा सिद्दीकींना तर पोलीस संरक्षण होतं, तरी १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात भररस्त्यात गोळ्या घातल्या त्यांना. मारायलाच आलेला माणूस तुला कमरेला हात घालायला वेळ देणार नाही. तुझा हात जाईल तो पार्किंगच्या भांडणात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मागून हॉर्न मारणाऱ्या पोरावर. नाहीतर हळदीला डीजेसमोर हवेत. त्यासाठी २०१९ मध्ये कायद्यात वेगळी शिक्षा घालावी लागली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीत बार काढणारे दरोडेखोर नसतात. तुझ्यामाझ्या ओळखीचे, परवाना मिळाला म्हणून पेढे वाटणारेच असतात त्यांच्यात.

कट्ट्यांचं म्हणाल तर, हो, आहेत. मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून चोपड्यामार्गे येतात, पुण्यापर्यंत पोचतात, मिसरूड न फुटलेल्या पोरांकडे सापडतात. मान्य. पण सापडतात म्हणजे काय होतं? पोराने गोळी झाडायच्या आधी, नुसता कट्टा बाळगला म्हणून पोलीस त्याला उचलू शकतात. कोणत्या जोरावर? याच कायद्याच्या, १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या. अमेरिकेत आज निम्म्याहून जास्त राज्यांत सज्ञान माणूस परवान्याशिवाय पिस्तूल कपड्याखाली लपवून फिरू शकतो. तिथल्या पोलिसाने त्याला कधी धरायचं? गोळी सुटल्यावर? आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवानगी आहे, याचं मला फार समाधान वाटतं. बाकी शंभर गोष्टींत आपण त्यांच्या मागे असू, यात नाही.

आणि "कुठल्या देशात फरक पडला दाखव" म्हणणाऱ्यांनो, ऑस्ट्रेलिया घ्या. २८ एप्रिल १९९६, पोर्ट आर्थर, एका माणसाने ३५ जणांना मारलं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड, तेही उजव्या विचारांचे, त्यांनी दोन आठवड्यांच्या आत सगळ्या राज्यांना एका नियमाखाली आणलं आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तिथे त्यानंतर गोळीबार झालेच नाहीत असं मी म्हणत नाही. पण मुलाला शाळेत सोडताना तिथली आई आणि अमेरिकेतली आई, दोघींच्या पोटात सारखाच गोळा येतो का, हे तिथे राहणाऱ्या आपल्याच कोणा नातेवाइकाला विचारा.

बंदूक नसली तरी माणूस माणसाला मारतो, हेही खरं. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख, त्यांना गोळी नाही घातली. त्यांच्याबरोबर जे केलं ते मला आजही वाचवत नाही. पण त्यानंतर काय बाहेर आलं ते बघा ना. एकट्या बीड जिल्ह्यात हजाराच्या वर शस्त्रपरवाने! गुन्हे दाखल असलेल्यांकडेसुद्धा. बोंब झाल्यावर रद्द करायला सुरुवात झाली. आधी दिले कोणी? कोणाच्या शिफारशीवर? ज्या तालुक्यात दहा लोकांच्या कमरेला पिस्तूल दिसतं, तिथे अकरावा माणूस साक्ष द्यायला पुढे येईल का? गोळी न झाडताही पिस्तूल काम करतच असतं.

थोडी शांत होते. चहा ठेवला मध्येच.

काका २०१६ ला गेले, म्हातारपणाने, स्वतःच्या खाटेवर. शेवटच्या आजारपणात त्यांना उचलून बसवायला, अंग पुसायला रोज सकाळी कोण यायचं? तेच चुलतकाका, खांद्यावर दांडका खाल्लेले. झाडाचा वाद कधी सुटला नाही. दरवर्षी बियांवरून दोन शब्द व्हायचेच. पण दोघं म्हातारे झाले. बारा वर्षं मिळाली त्यांना. एकमेकांच्या पोरांच्या लग्नात जेवले. काकांनी बंदूक पुढे विकून टाकली. का, ते कोणालाच सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आता डोळे नाहीत गो."

बागायतदारांचं ऐकून घ्यायला हवं, ते मी नाकारत नाही. केळीचा घड भरला की गवे आणि माकडं येतात आणि नेमकी तेव्हाच आचारसंहिता लागून बंदूक ठाण्यात. दोडामार्गकडच्यांनी या पायी हंगाम गमावलेत. त्यांना भरपाई द्या, वनखात्याला कामाला लावा. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. माझं भांडण बागेतल्या बारा बोअरशी नाही, पुण्याच्या फ्लॅटमधल्या पिस्तुलाशी आहे. फ्लॅटमध्ये कोणतं रानडुक्कर येतं?

आणि आता खरं बोलायचंय ते. निवडणुकीत शस्त्रं का जमा करतात? कारण सरकारलाच ठाऊक आहे की वातावरण तापलं की ही माणसं ती वापरू शकतात. हल्ली सरसकट घेत नाहीत, जिल्ह्याची छाननी समिती बसते आणि नावं काढते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधी दंगलीत किंवा निवडणुकीच्या राड्यात नाव आलेले. थांबा, परत वाचा. अशा लोकांकडे परवाना आहे! मतदानाच्या दिवशी ज्याच्या हातात पिस्तूल नको, त्याला निकाल लागल्यावर तेच पिस्तूल सही घेऊन परत करतात. म्हणजे मतपेटी सांभाळायची आणि मतदाराला सोडून द्यायचं? ही कुठली रीत?

ती यादी प्रत्येक जिल्ह्यात तयार आहे. नवा कायदा नको, नवी समिती नको. परवाना नूतनीकरणाला आला की ती यादी काढा आणि नाव असेल तर नूतनीकरण करू नका. कलेक्टर आणि एसपी मनावर घेतील तर पुढच्या महिन्यापासून होईल.

आणि चौकशीला पोलीस घरी जातात तेव्हा शेजारच्यांना विचारतात, "माणूस कसा आहे?" शेजारी म्हणतात चांगला आहे. माझ्या ओळखीत एक बाई आहे. कोण, कुठली, काही सांगणार नाही. तिचा नवरा चांगलाच आहे सगळ्यांच्या मते, गणपतीला मोठी वर्गणी देतो. त्याच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. ते त्याने तिच्यावर कधी रोखलेलं नाही. भांडण सुरू झालं की तो उठतो, कपाट उघडतो आणि दार तसंच उघडं टाकून परत येऊन बसतो. बस, एवढंच. ती तिथेच गप्प होते. यात तक्रार काय लिहायची आणि कोणत्या कलमाखाली?

म्हणून परवाना देण्याआधी बायकोला विचारा. त्याच्यासमोर नाही. महिला पोलीस पाठवा, तो घरी नसेल तेव्हा, आणि तिचं उत्तर बंद पाकिटात ठेवा. ती नको म्हणाली तर नको. आणि का नको, याचं कारण तिला विचारायचं नाही.