९ सेंटिमीटरचा हट्ट

कोल्हापुरात होडी बांधायला घेतली की पहिला प्रश्न, "किती माणसं बसणार?" दुसरा, "जेवणाचे डबे कुठं ठेवायचे?" पाणी किती लागणार, हे कुणी विचारत नाही. मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. उन्हाळ्यात पंचगंगेच्या काठाला वीतभर पाणी उरलं तरी होडी टेकू नये. म्हणून तळ सपाट, लांबी १४ फूट, रुंदी ४ फूट. पाण्यावर टेकणारं क्षेत्र साडेतीन चौरस मीटर धरलं, तर दर ३५ किलोला होडी १ सेंटिमीटर खाली जाते. रिकामी होडी ८० किलो, मोटर-बॅटरी पंचवीसेक, तीन माणसं २१०. बेरीज ३१५, म्हणजे होडी बुडणार ९ सेंटिमीटर. हा आकडा ठरला, की सगळं गाव तो मोडायला टपतं.

सुरुवात प्लायवुडच्या दुकानातून. "सहा एमएम? मालक, ही कपाटाच्या पाठीला मारत्यात. अठरा न्या, म्हस उभी केली तरी वाकायची न्हाई." म्हैस न्यायचीच नाही, हे त्याला पटत नाही. ८ बाय ४ ची ६ एमएम शीट सुमारे १२ किलोची, १८ ची ३६. चार शीटांत ९६ किलो वाढले, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटर दुकानातच बुडाले. त्यापेक्षा आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघावा, काठाला पोकळी दिसते का ते बघावं, आणि एक तुकडा चार-पाच तास उकळून थर सुटतात का पाहावं. घरच्या चहाच्या पातेल्यात मात्र नको.

८ फुटी शीटची १४ फुटी करायला दोन शीटांच्या जोडायच्या टोकांना एकास आठ असा उतार तासून, म्हणजे ६ एमएमला ४८ एमएम, एकावर एक चिकटवायचं. सुतारमामांचा यावर विश्वास नसतो. "वरनं पट्टी घिऊन खिळं मारू की!" पट्टी मारली तर तेवढाच भाग ताठ राहतो, आणि प्लाय पट्टीच्या कडेला मोडते. खिळ्यांच्या भोकांतून पाणी आत जातं ते वेगळंच.

तळ आणि बाजू तांब्याच्या तारेनं शिवायच्या. उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं सव्वा एमएमची तार मिळते. दर १५ सेंटिमीटरला भोक, काठापासून १० एमएम आत. मग इपॉक्सीत, म्हणजे दोन रसायनं मिसळून घट्ट होणाऱ्या चिकटाव्यात, लाकडाची बारीक पूड कालवून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, कोपऱ्यात भरायचं आणि वरून फायबरची पट्टी. इथं घाई नडते. अख्खा मग भरेल एवढं एकदम कालवलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, उष्णतेनं रसायन आणखी वेगानं तापतं, आणि मगातून धूर निघायला लागतो. बघायला शेजारी जमतात. २०० ग्रॅमच कालवावं आणि पसरट ट्रेमध्ये ओतावं.

पावसाळ्यात वेगळंच दुखणं. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा हात त्यावर धरत नाही. तो आधी साध्या पाण्यानं घासून धुवायचा. थेट पॉलिश पेपर मारला तर मेण आणखी आत चोळलं जातं.

मोटरचा विषय निघाला की, "ई-रिक्षाची घाल की भावा!" ती फिरते भन्नाट, होडीला ढकलणाऱ्या पंख्याला लागतो कमी वेग आणि जास्त जोर, शिवाय ती पाण्यात राहणारी नाही. १२ व्होल्टची, ५५ पौंड रेट्याची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडीच्या मागं अडकवायची छोटी विजेची मोटर, बरी. पूर्ण वेगात ५० अँपिअर खेचते. जाऊन-येऊन ६ मीटर होणारी तार ४ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) घातली तर १२ पैकी सव्वा व्होल्ट वाटेतच संपतो आणि तार तापते. १६ स्क्वेअर घ्यावी, बॅटरीला लागूनच ६० अँपिअरचा फ्यूज. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२ किलोच्या आसपास, पूर्ण वेगात दोन तास. वेग निम्मा केला की शक्ती सुमारे एक-अष्टमांशच लागते. पण हँडल हातात आल्यावर निम्म्यावर थांबणारा कोल्हापूरकर कुठून आणायचा?

आणि खरी फजिती पंख्याची. होडीला ९ सेंटिमीटर पुरतात, पंखाच पाव मीटरचा. वर घेतला तर हवा ओढून नुसता फेस काढतो, खाली सोडला तर गाळ घुसळतो. उथळ पाण्यात मोटर तिरकी उचलायची आणि बांबूनं ढकलायचं, याला पर्याय नाही. जलपर्णी गुंडाळली की करंट चढतो आणि पंख्याची पिन तुटते. मुख्य स्विच बंद करूनच हात घालावा; दोन पिना खिशात असाव्यात.

पुराचं मात्र नाव काढू नये. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. ४३ फूट पाण्यात ९ सेंटिमीटरची मिजास दाखवायची कुणाला? बंधाऱ्याजवळ तर कधीच जाऊ नये.

तिसरा माणूस तालमीतला निघाला, १०५ किलोचा, तर त्याच्या एकट्याचे ३ सेंटिमीटर धरावेत. त्याला मोटरजवळ बसवू नये, मागचा काठ पाण्याला टेकतो. बॅटरी आधीच पुढं ठेवलेली असते. तिच्या शेजारी पैलवान, आणि लाइफ जॅकेट त्याच्या छातीला बसणारं. ते शोधायला होडी बांधण्यापेक्षा जास्त दुकानं हिंडावी लागतात.