स्प्लेंडरला रंग शेवटी द्या, आधी ब्रेक बघा

मोबाईल उघडला की रोज एकतरी रील येतंच, गोठ्यात पडलेली गाडी, गंजलेली टाकी, मग म्युझिक, आणि एकदम चकाचक काळी गाडी उन्हात उभी. बघायला मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्यात ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) बदललेले कधी दिसलेत का? नाही दिसणार, कारण ते व्हिडिओत चांगले दिसत नाहीत.

आमच्या काकांची जुनी हिरो होंडा स्प्लेंडर सध्या मी दुरुस्त करून पुन्हा चालू करतोय म्हणून हे लिहितोय. 97.2 सीसी, जेमतेम साडेसात-आठ हॉर्सपॉवर, पुढे-मागे ड्रम ब्रेक. 1994 ला आलेलं मॉडेल, आणि खाली आडवं झोपलेलं इंजिन तर त्याच्याही आधीच्या हिरो होंडाच्याच सीडी हंड्रेड गाडीचं. ही गाडी दूध घालायला, शेतावर आणि ऑफिसला जायला बनवलीये, तिला कॅफे रेसर (वाकून चालवायची शर्यतीसारखी गाडी) करून काय मिळतं मला खरंच कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच की पैसा कुठल्या क्रमाने घालायचा ते आधी ठरवा. बंद पडलेल्या गाडीचं पहिलं मरतं ते रबर. टायरला नक्षी भरपूर दिसते पण कडेला बारीक चिरा असतात, मागच्या चाकाच्या हबमधले झटके झेलणारे डॅम्पर रबर दगड झालेले असतात, पेट्रोलचा पाईप कडक होतो, आणि आता ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरचे ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या रबरी रिंगा) तसेच ठेवण्यात अर्थ नाही, इथेनॉल पाणी धरतं आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत पांढरा थर आणि टाकीत गंज ठरलेला. मग ब्रेक. नुसते शू बदलून उपयोग नाही, ब्रेक प्लेटमधला कॅम (शू ड्रमवर दाबणारा तुकडा) काढून साफ करून थोडंसं ग्रीस लावा, बऱ्याच गाड्यांचा ब्रेक लागत नाही तो ह्या सुकलेल्या कॅममुळे आणि मेकॅनिक मात्र केबल टाईट करत बसतो. कोनसेट (हँडलचे बेअरिंग), व्हील बेअरिंग, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमचे) बुश हे सगळं एकदाच करा, चाकं उघडलेलीच असतात.

इंजिनबद्दल सगळ्यांना घाई. किक मारली, धूर आला, की लगेच "बोअर करावं लागेल साहेब", म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचा. थांबा जरा. सकाळी चालू करताना धूर येऊन नंतर बंद होत असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील (ऑइल आत गळू न देणारे रबर) गेलेले असतात, ते स्वस्तातलं काम आहे. चालताना रेस दिली की धूर येतच राहतो तेव्हा पिस्टन-रिंगकडे बघा, आणि मग बोअर करायचंच असेल तर पहिला 0.25 मिमीचा ओव्हरसाईझ, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, पिस्टन टाका, उगीच मोठा टाकून पुढची संधी घालवू नका. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरला हे काम करणारे हात अजून आहेत हे नशीब. आणि एक, ह्या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टरच नाही, उजवीकडचं क्लच कव्हर उघडलं की क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) टोकाला एक गोल वाटी असते, ऑइलमधली घाण फिरून फिरून तिच्यात बसते. काकांच्या गाडीत तिथे जो काळा गाळ निघाला तो बघून काकू म्हणाल्या, "अगदी मिसरीच की रे!"

अपग्रेड म्हणाल तर मी एकच करतोय, लाईट. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाईट थेट मॅग्नेटवर (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर) चालतो, त्यामुळे रेस सोडली की रस्ता गायब, आणि खड्डा नेमका तेव्हाच येतो. मॅग्नेटच्या कॉइलचं बॉडीला जोडलेलं टोक (अर्थ) सुटं करून फुलवेव्ह रेक्टिफायर (मॅग्नेटची पूर्ण वीज बॅटरीला देणारा भाग) लावला की हेडलाईट बॅटरीवर घेता येतो. पण मॅग्नेट छोटा आहे, त्याच्यावर चार फॉगलॅम्प लादले की बॅटरी बसलीच. मागे हवं तर 3.00 इंची टायर टाका, त्याहून जाड नको, गाडी जड होते आणि अॅव्हरेज जातं. ह्या गाडीकडून अॅव्हरेज सोडून दुसरं मागायचं तरी काय!

"एवढ्या पैशात दुसरी चालू गाडी आली असती" हे घरात रोज ऐकतोय. बरोबर आहे, आली असती. पण तिचं इंजिन कुणी उघडलं, कुणी काय लोकल पार्ट टाकलाय ते मला कुठून कळणार.

कागदपत्रं मात्र सगळ्यात आधी बघा, पाना हातात घेण्याआधी. कंपनीचं नाव 2011 मध्ये बदललं, म्हणजे टाकीवर हिरो होंडा लिहिलेलं असेल तर नोंदणीची 15 वर्षं झालीत नाहीतर होत आलीत. आरसी (नोंदणीपत्र) रिन्यू करताना पाचच वर्षं मिळतात, फी एप्रिल 2022 पासून 300 ची 1000 झाली, 20 वर्षांच्या वरच्या गाडीला 2025 पासून 2000, शिवाय पर्यावरण कर, उशीर झाला असेल तर दंड, आणि नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. चेसिस नंबर गंजून वाचता येत नसेल तर ती गाडी स्पेअरसाठीच घ्या.

बाकी माझं बरंच झालंय. डावीकडचं साईड पॅनल तेवढं मिळत नाहीये, लोकल बसतच नाही, खडखडतं. कुणाकडे ओरिजिनल पडून असेल तर इनबॉक्स करा, रंग कुठलाही चालेल.