खुलासा : मीममधली ती ‘दोन आफ्रिकन मुलं’ मुलं नाहीत

‘आफ्रिकेतल्या गावातले हे दोन खोडकर भाऊ बघा’ अशा मजकुरासह काही क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. ती मुलं नाहीत, भाऊही नाहीत आणि प्रसंग खरा नाही. हे नायजेरियाचे व्यावसायिक नट आहेत : चिनेडू इकेडिएझे (जन्म 1977) आणि ओसिटा इहेमे (जन्म 1982). दोघांची शरीरयष्टी मुळातच ठेंगणी. 2002च्या ‘अकी ना उक्वा’ या सिनेमात त्यांनी शाळकरी पोरांच्या भूमिका केल्या, तेव्हा एक विशीचा होता, दुसरा पंचविशीला टेकलेला. ‘अकी’ आणि ‘पॉपॉ’ ही जोडी तिथूनच गाजली. 2011 साली दोघांना राष्ट्रीय सन्मानही मिळाला.

चित्र फुटकं दिसतं म्हणून ‘कुणीतरी चोरून मोबाइलवर टिपलंय’ असं वाटतं. कारण साधं आहे. त्या काळी नॉलिवूडचे, म्हणजे नायजेरियाच्या चित्रपटसृष्टीचे, बहुतेक सिनेमे व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित होऊन थेट व्हीसीडीवर (सीडीसारख्या व्हिडिओ तबकडीवर) विकले जात. व्हीसीडीचं चित्र जेमतेम 352 × 288 पिक्सेलचं. ते मोबाइलच्या पडद्यावर ताणलं की चौकोन दिसणारच. एका तबकडीत साधारण 74 ते 80 मिनिटंच मावत, म्हणून सिनेमाचे भाग पडत. आपल्याकडच्या दोन तबकड्यांच्या पाकिटांसारखंच.

शंका आली तर क्लिप थांबवून चेहरा स्पष्ट दिसेल त्या चौकटीचा स्क्रीनशॉट घ्या, वरचा मजकूर कापा आणि गूगल लेन्सला (चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनाला) द्या. मजकूर तसाच ठेवलात तर पुन्हा मीमच हाती लागतात.