टोफेलात १०४ आले? आता नापास व्हायची तयारी करा

यंदा एमएस नाहीतर पीएचडीला अमेरिकेला निघालेल्या परभणी, नांदेड, लातूर, बीडच्या समस्त पोरापोरींनो, आधी अभिनंदन. टोफेल नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेचे हजारो रुपये भरले, देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर जाऊन मुंबईचं सेंटर गाठलं, माइक चेकला आजूबाजूचे वीस जण एकाच टायमाला 'डिस्क्राइब द सिटी यू लिव्ह इन'चं उत्तर ओरडायलेत अन् त्यात तुम्ही बी परभणीचं वर्णन करून आलात. १२० पैकी १०४, रायटिंगला ३० पैकी २६. (हा जुना हिशोब. २०२६ च्या जानेवारीपासून स्केल १ ते ६ केलाय, म्हणजे मामाला परत पहिल्यापासून समजावून सांगा.) आता वाटत असंल की इंग्रजीचं झालं एकदाचं. लई भोळे आहात.

तिथं उतरलं की क्लास सुरू व्हायच्या आधी इंग्रजी लिहिण्याची अजून एक परीक्षा असते, तिला प्लेसमेंट टेस्ट म्हणतात. तिच्यात नापास कुणीच होत नाही बरं का, माणूस फक्त 'प्लेस' होतो. मी मागच्या ऑगस्टमध्ये प्लेस झालो. सगळीकडंच नसते ही, अन् जिथं असते तिथं बी टोफेलचा एक आकडा ठरलेला असतो, त्याच्या वर असलात की सोडतात. आमच्या इथं तो रायटिंगला २८ निघाला. ॲडमिशन देताना २६ चालले, फी घेताना चालले, मातीवर रिसर्च करायला चालले. २८ ची गोष्ट मेलमधल्या लिंकमधल्या पीडीएफच्या अकराव्या पानावर होती. तर पहिला सल्ला, पीडीएफ वाचा.

दुसरा, झोपू नका. टेस्ट दुपारी दोनला असते, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेबारा. विमानातनं उतरून तीन दिवस झालेले, पोटात ब्रेडशिवाय काही नाही, अन् समोर दोन उतारे: विद्यार्थ्यांना कॅम्पसमध्ये गाड्या आणू द्याव्यात का नको. एक बाजूनं, एक विरोधात. पन्नास मिनिटांत दोन्हीचा आधार घेऊन आपलं मत लिहा. मी चार वर्षं काळ्या मातीत पाणी कसं मुरतं ते शिकलेला माणूस, मला पार्किंगबद्दल मत नाही हो. पण मत नाही असं चालत नाही, पहिल्याच परिच्छेदात मत पाहिजे, त्याला थिसिस स्टेटमेंट म्हणतात.

इथंच आपली गाडी फसते. आपण निबंध कसा लिहितो? दहावीपर्यंत गाईडातनं पाठ केलेला असतो. आधी सुविचार, मग 'माणूस हा समाजशील प्राणी आहे', मग प्राचीन काळ, मग आजचं विज्ञानयुग, मग फायदे, मग तोटे, अन् शेवटी 'म्हणून प्रत्येकानं विचार करावा'. लिहिणाऱ्यानं काय विचार केला ते कुणी विचारतच नाही, अन् सुवाच्य अक्षराचे मार्क वेगळे! तर मी बी सुरुवात केली, 'सिन्स टाइम इमेमोरियल' माणूस प्रवास करत आलाय. बैलगाडीवर एक आख्खा परिच्छेद खर्च केला, चांगला झाला होता तो, खरं सांगतो. पार्किंगपर्यंत आलो तेव्हा बारा मिनिटं राहिली होती. बैलगाडीशेजारी तपासणाऱ्यानं नंतर एवढंच लिहिलं होतं, 'व्हॉट इज युवर पॉइंट?'

अन् हे आपलं असं गोल गोल जाणं त्यांना लई आधीपासून ठाऊक आहे. रॉबर्ट कॅप्लान नावाच्या प्राध्यापकानं १९६६ साली चक्क चित्रंच काढून ठेवलीत, इंग्रजीवाल्याचा विचार म्हणजे वरून खाली सरळ रेघ, अन् त्यांच्या भाषेतल्या 'ओरिएंटल' माणसाचा (त्यात त्यानं चिनी-कोरियन धरले होते, आपण आपले शेजारचे) विचार म्हणजे गोगलगायीची पाठ. पुढं त्यानं स्वतःच ते जरा सैल केलं म्हणतात, पण रेघ काही गेली नाही. मार्क आजबी रेघेलाच.

'द' ची तयारी करा. आपल्याकडं 'बैल आला' म्हणलं की कुणाचा, कोणता, ते आख्ख्या गल्लीला कळतं. यांच्याकडं बैलाच्या आधी पाटी लावावी लागते. सूर्याला द लागतो, चंद्राला लागतो, निसर्गाला लागत नाही. युनायटेड स्टेट्सला लागतो, इंडियाला नाही. ब्रिटिश माणूस आजारी पडला की 'इन हॉस्पिटल', अमेरिकन पडला की 'इन द हॉस्पिटल'. आपण पडलो की सरळ गोळी घ्यायची.

'आय पास्ड आऊट इन २०२३' लिहू नका, चक्कर आली होती का म्हणून विचारतात.

कलरमधला यू काढून टाका.

घरी सांगू नका. मी सांगितलं. मामा म्हणले, "एवढं कर्ज काढून गेलास अन् तिकडं बालवाडीत बसवलं व्हय रे तुला?" आता गल्लीत तेच नाव पडलंय.

तर रिझल्ट येतो तीन ओळींचा. तुम्हाला अमुक नंबरच्या रायटिंग कोर्समध्ये प्लेस केलंय, तीन क्रेडिट, डिग्रीत धरले जाणार नाहीत. डिग्रीत धरत नाहीत, फीत मात्र बरोबर धरतात. असिस्टंटशिपमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीचं काम करायच्या बदल्यात, बाकीची ट्यूशन माफ आहे, त्यात हा एकच कोर्स बसत नाही म्हणे. कोर्सच्या बाई चांगल्या आहेत, त्यांचा काही दोष नाही, अन् बैलगाडी त्यांनी कापली ते बरोबरच कापलं. पण माझा मंगळवार बघा. दोन ते सव्वातीन मी त्यांच्यापुढं बसून परिच्छेद कसा पाडायचा ते शिकतो. साडेतीनला त्याच बिल्डिंगच्या तळघरात मी टीए, म्हणजे शिकवायला मदतनीस, असतो, चोवीस अमेरिकन पोरांचे लॅब रिपोर्ट तपासतो, अन् त्यांचं इंग्रजी दुरुस्त करतो. 'शुड ऑफ' खोडून 'शुड हॅव' करतो, 'देअर'चा घोळ निस्तरतो. त्याचा पगार त्याच युनिव्हर्सिटीकडनं येतो, अन् त्यातलाच एक हप्ता त्या कोर्सला परत जातो.

बास झालं हसणं. अरे, टोफेल मान्य नव्हती तर मागितली कशाला? मान्य होती तर परत परीक्षा कशाची? माझी चार वर्षांची बीएस्सी ॲग्री इंग्रजीत झाली, पेपर इंग्रजीत, व्हायवा इंग्रजीत. माझ्याच लॅबमध्ये एक ऑस्ट्रेलियाचा आहे, चांगला पोरगा आहे, त्याला ना टोफेल, ना टेस्ट, पासपोर्ट दाखवला की झालं. त्याला एकदा बी कुणी विचारलं नाही की तुझा पॉइंट काय. ज्याला खरंच मदत पाहिजे त्याला द्या की, फुकट द्या, डिग्रीत धरा, कोण नाही म्हणतंय? पण पैसे घेऊन वर उपकार केल्यासारखा मेल टाकायचा नाही. अन् तुम्ही बी, कन्सल्टन्सीकडनं तीन-तीन हजारात एसओपी, म्हणजे ॲडमिशनच्या अर्जातलं 'मला का शिकायचंय'चं पत्र, लिहून घेणाऱ्यांनो, तुमच्या त्या रेडिमेड इंग्रजीमुळंच खरं लिहिणाऱ्यावर बी संशय घेतात.

मी अपील केलं होतं. कारण सांगा म्हणलं. उत्तर आलं, 'द डिसिजन इज फायनल'. द बरोबर लावला होता. कारण मात्र नाही, आजपर्यंत नाही. चार ओळी लिहा हो. इंग्रजीतच लिहा, वाचता येतं आम्हाला.