अक्षरी रुपये एकोणशंभर फक्त

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी मेंटेनन्सची पावती घेऊन ते दारात उभे. "हे काय छापलंयस रे?"

पावतीवर होतं : रु. ४,५९९. अक्षरी रुपये चार हजार पाचशे एकोणशंभर फक्त.

पावत्यांचं सॉफ्टवेअर मीच लावून दिलेलं. आकडे मराठी अक्षरांत लिहिणारी त्यातली ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कोणालाही बघता-वापरता येणारा तयार कोडचा गठ्ठा, तीही आम्हा चार रिकामटेकड्यांचीच. म्हणजे तक्रार दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायचीही सोय नाही.

"काका, लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलंय. सॉफ्टवेअर आहे तसं, कसलीही हमी नाही."

"मग पावतीवरही तेच छाप."

झालं होतं असं, की गणपतीच्या सुट्टीत मला साफसफाईची सुरसुरी आली. लायब्ररीत शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत शंभर शब्दांची सरळ यादी होती, कोणीतरी हाताने टाइप केलेली. आईने माळ्यावर जपलेले श्रीखंडाचे रिकामे डबे बघून मला जे होतं, तेच ती यादी बघून झालं. रीफॅक्टरिंग म्हणजे बाहेरचं वागणं न बदलता आतली मांडणी सुधारायची. मी नियम शोधला : दोन आकडी संख्येच्या शेवटी नऊ आला की पुढच्या दशकाला 'एकोण' जोडा. तीसचा एकोणतीस, साठचा एकोणसाठ. एकोणीस तेवढा वाकडा निघाला, त्याला वेगळा खण दिला आणि अपवादसुद्धा पकडला म्हणून स्वतःवर जाम खूश झालो. नऊ ओळी उडाल्या.

आकडा दिला की बरोबर शब्द येतो का ते तपासणाऱ्या जुन्या टेस्ट फक्त चार : शून्य, सात, शंभर आणि एक लाख. चारही पास. पण मी जबाबदार माणूस, मी नव्या टेस्टही लिहिल्या. लूप लावून, म्हणजे सगळे आकडे ओळीने यंत्रानेच तपासायचे. एकोणीस सोडून, नऊ शेवटी असेल तर अपेक्षित उत्तर काय? 'एकोण' अधिक पुढचं दशक! म्हणजे पेपर मीच काढला, मीच सोडवला आणि तपासतानाही माझीच वही समोर ठेवली. सगळ्यांपुढे हिरव्या खुणा. एकोणशंभरपुढेही.

"अरे, तूच ना तो?" काकांनी नेमकी आठवण काढली. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'साठ तीन' असं आणलं होतं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त ओरडलो होतो मी. खरं तर तेही रीफॅक्टरिंगच म्हणायचं, शिवाय माझ्यापेक्षा नीट. त्यात एकोणशंभर तरी नव्हता.

रात्री आमच्यातल्या ठाण्याच्या मित्राने माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, उघडून बघितली. (आधी का नाही बघितली, हे मी विचारलं नाही. मंजूर मीच केली होती.) त्याचं म्हणणं, सफाई आणि टेस्ट एका कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, कालवल्या की दोघांतला खोटं कोण बोलतोय ते कळायला मार्ग राहत नाही. आधी जुन्या कोडवर टेस्ट लिही, त्या पास होऊ देत, मग झाडू घे.

म्हणून यादी जागेवर परत आणली. पुढच्या रविवारी काका खुर्चीत बसून पाढे म्हणावेत तसे आकडे सांगत होते, मी टाइप करत होतो. अठ्ठ्याण्णवच्या ठ्ठवरून थोडी बाचाबाची झाली. चहा येईपर्यंतच टिकली. मग टेस्ट चालवल्या. नव्व्याण्णवची टेस्ट एकदम पास! लाल झाल्या तीनच : चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव.

स्क्रीनवर लिहिलं होतं,

अपेक्षित : चौऱ्याण्णव
मिळालं : चौर्‍याण्णव

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "दोन्ही एकच आहे की."

मी समजावलं. हा अर्धा 'ऱ्' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो : खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, नाहीतर साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारा एक जोडक ठेवायचा. माणसाला एक दिसतं, यंत्राला दोन.

"म्हणजे यादीत पहिल्यापासून चूक होती?"

"चूक नाही हो काका, नुसतं वेगळं आहे."

"मग बदलून टाक ना आत्ताच."

"आत्ता नाही," मी म्हणालो. "ती सफाई झाली. ती वेगळ्या कमिटमध्ये."