वहिनी, यांना भाज्या खायला घाला

आज डोकं जाम फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे, वेळ नसेल त्यांनी सोडून द्या.

सकाळी ह्यांचे रिपोर्ट दाखवायला गेलो होतो. साखर वाढलीय. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, यांना जरा भाज्या खायला घाला." रक्त ह्यांचं, जीभ ह्यांची, पन्नाशी उलटलेला माणूस समोर खुर्चीत बसलेला, आणि बोलणं मला! हेही शेजारी बसून मान डोलावतायत. ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईच्या घरात भाजी शिजतच नाही.

शिजते हो. रोज शिजते. पण ह्यांची भाजी म्हणजे बटाटा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला निदान 400 ग्रॅम फळं-भाज्या पोटात जायला हव्यात, आणि त्यात बटाटा धरतच नाहीत. हे वाचून दाखवलं तर उत्तर काय? "तेंका काय कळता!" आणि बांगड्याचं तिखलं असलं की तेच ताट चाटूनपुसून लख्ख.

गेल्या महिन्यातली टाकळ्याची, म्हणजे त्या पावसाळी रानभाजीची, गोष्ट सांगते. पाऊस पडून टाकळा वर आला की चौके-कट्ट्याकडच्या बायका मालवण बाजारात वाटे लावून बसतात. कोवळा आहे तोवरच खायचा, नंतर मजा नाही. मी दोन वाटे आणले, पान न् पान निवडलं, कांदा-मिरचीवर परतलं, खोबरं हात सैल सोडून घातलं. ताटात बघून हे म्हणाले, "ह्यां गवत कित्या वाढलंस?" मी उठले आणि सुका बांगडा भाजून दिला. माणूस उपाशी झोपलेला मला बघवत नाही, म्हणून दिला. पण तो "गवत" शब्द अजून डोक्यातून जात नाही.

परवा एका नातेवाईक बाईंना हे सांगितलं तर त्यांचा सल्ला तयार. दुधी किसून चपातीत घाल, बीट आंबोळीच्या पिठात घाल, कळणारसुद्धा नाही. का म्हणून? दोन वर्षांच्या पोराचं ठीक आहे. ज्याला माशाचा कल्ला उचलून ताजा की शिळा सांगता येतं, त्या माणसाला फसवून दुधी भरवायचा? त्यात त्याचाही अपमान आणि दुधीचाही. मी काहीही लपवणार नाही.

आणि आपल्या भाज्या लपवण्यासारख्या आहेत का? गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं नसेल तर सण वाटतो का? ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काहीही न घालता केलेली ती भाजी! ओल्या काजूची उसळ, केळफूल, फणसाच्या कुयरीची भाजी, अळूचं फतफतं. बांगड्याला जी तिरफळं, तीच खतखत्याला, म्हणजे आपल्या मिश्र भाजीला. वाटप तेच, सोलं तीच, हात तोच. मग एकाला ताटात मान आणि दुसरं कडेला सारायचं, हा कुठला न्याय? 1 जून ते 31 जुलै मासेमारीच्या यांत्रिक होड्या बंद, 61 दिवस. नेमकं तेव्हाच रान आपल्याला टाकळा, कुर्डू, भारंगी देतं. याहून वेळेवर कोण देणार?

मासा पौष्टिक असतो, मान्य. डॉक्टरांनीही तो बंद करायला सांगितलेला नाही. जवळा घातलेलं वांगं हे खातात, तेही मान्य. पण जवळा पोटात जातो आणि वांगं ताटात राहतं!

आता टाकळ्याचं पुढचं. हे लिहू की नको करत होते, पण लिहिते.

त्या रात्री जेवण झाल्यावर हे ओट्यापाशी आले. टोपातल्या टाकळ्याकडे बघत बोलायला लागले. लहानपणी पावसात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी, बंद झाली की घरात पैसा नसायचा. सासूबाई परड्यातला टाकळा खुडून आणायच्या. सकाळी तोच, रात्री तोच, पेजेबरोबर. खोबरं कुठलं, नुसता मिठावर. "तेचो वास इलो काय माका ते दिवस आठावतत," म्हणाले, आणि गेले झोपायला. इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी बोलले नव्हते. मी बराच वेळ तशीच उभी होते. त्या दिवसापासून ह्यांच्या खाण्याला "नखरे" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण आज त्या खुर्चीत बसून मान डोलावली ना, तेव्हा पुन्हा संताप आला. अहो, त्याच पाल्यावर त्या माउलीने तुम्हा चार पोरांना जगवलं. गरिबीचा राग धरायचा तर धरा, पाल्यावर कशाला? आणि माझ्यावर कशाला?

तेव्हा आता ठरलंय. भाजी रोज होणार, चांगलं वाटप लावून होणार, आणि ताटात मध्यभागी वाढली जाणार. मासा असेल त्या दिवशीही. मी जेवता जेवता उठून बांगडा भाजणार नाही. आणि पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन हे एकटे जाणार. डॉक्टरांना जे सांगायचंय ते ज्याने खायचंय त्याला सांगू दे. आज रात्री नीरफणसाची कापं आहेत, रव्यात घोळवून, तव्यावर. कापं म्हणूनच वाढणार आहे, सुरमई म्हणून नाही.

मैत्रिणींनो, एक मदत करा. टाकळ्यात फणसाच्या आठळ्या घालून करतात ती भाजी तुमच्याकडे कशी करता, ते सविस्तर लिहा. आठळ्या वाळवून ठेवल्यात. खोबरं किती, फोडणी कशाची, गूळ घालता का, सगळं लिहा. पेजेबरोबरच्या त्या टाकळ्यासारखी ती अजिबात लागता कामा नये.