हॉगफादरला मारायचंय? टीव्हीवर आणा

टेरी प्रॅचेटच्या १९९६ सालच्या 'हॉगफादर' या कादंबरीत एका लठ्ठ, हसऱ्या देवाला संपवायचं कंत्राट निघतं. हा हॉगफादर म्हणजे डिस्कवर्ल्डचा, प्रॅचेटच्या कल्पित जगाचा, नाताळबाबा. चार रानडुकरं जुंपलेल्या घसरगाडीतून येतो आणि पोरांना भेटी वाटतो. विश्वाचे हिशेब तपासणारे ऑडिटर त्याच्यासाठी मारेकऱ्यांच्या संघाला तीस लाख डॉलर मोजतात. फुकट गेले हो ते पैसे. त्यापेक्षा कादंबरीचे हक्क घेऊन, डिसेंबरातला चांगला स्लॉट पकडून दोन बैठकांत पटकथा मंजूर केली असती, तर देव मेलाही असता आणि वर प्रायोजकही मिळाले असते.

ते हक्क आता तुमच्या हातात पडले आहेत असं समजू. अभिनंदन. २००६ साली ब्रिटनमध्ये स्काय वन या वाहिनीनं हीच कादंबरी १७ आणि १८ डिसेंबर अशा दोन रात्रींत दाखवली. दिग्दर्शन आणि पटकथा व्हादिम जीनची, एकूण लांबी तीन तासांच्या वर. त्या मंडळींनी काही गंभीर चुका केल्या. लेखकाला जवळ येऊ दिलं, खेळणीवाल्याच्या छोट्या भूमिकेत उभं केलं आणि पटकथेत त्यानं लुडबुड केल्याचं श्रेयनामावलीत चक्क छापलं. तुम्ही असलं काही करू नका. जिवंत लेखक प्रश्न विचारतो. प्रॅचेट २०१५ साली गेला, म्हणजे तुमची ती अडचण आपोआप सुटलेली आहे.

आता कामाचं बोलू.

सगळ्यात आधी निवेदकाला हाकला. या कादंबरीतला निम्मा विनोद कुठलंच पात्र बोलत नाही, तो निवेदकाच्या वाक्यांत आणि तळटिपांत असतो. वाक्य गंभीर चेहऱ्यानं सुरू होतं आणि शेवटच्या तीन शब्दांत पायाखालची सतरंजी ओढतं. निवेदक गेला की कथानक जसंच्या तसं उरतं आणि विनोद नाहीसा होतो. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, 'जरा कोरडं वाटतंय', आणि तुम्ही एका जादूगाराला बर्फावरून घसरून पाडता. किंवा त्याहून भारी युक्ती: निवेदकाची वाक्यं उचलून पात्रांच्या तोंडी घाला. म्हणजे रस्त्यावरचा भुरटा चोरसुद्धा सुभाषितं बोलू लागतो आणि सगळ्यांचा आवाज एकच होतो. त्यातल्या बऱ्याच ओळी सेटवर, मागच्या दुकानाच्या पाटीवर किंवा टेबलावरच्या एखाद्या वस्तूत मुरवता येतात. त्यासाठी कलादिग्दर्शकानं पुस्तक वाचलेलं असावं लागतं. त्याला कशाला त्रास?

विनोद झाला की लगेच कुणाचा तरी चेहरा दाखवा. भुवया वर, डोळे मोठे. संवाद संपल्यावर बारा फ्रेम थांबायचं, म्हणजे ब्रिटिश टीव्हीच्या हिशेबानं अर्ध्या सेकंदाला थोडं कमी, आणि मग रिॲक्शन शॉट. प्रेक्षकाला हसायचं कुठं ते कळायला नको का? कादंबरीत मृत्यू हे एक पात्रच आहे, चालताबोलता सांगाडा. तो खोटी दाढी लावून, झग्यात उशी कोंबून, हॉगफादरचं काम स्वतः करायला निघतो. आपण विनोदी दिसतोय याचा त्याला पत्ताच नसतो. तो काम मन लावून करतो, म्हणून हसू येतं. त्याला एकदा तरी कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारायला लावा. डोळे नाहीत? व्हीएफएक्सवाल्यांना सांगा.

मृत्यूचा आवाज खोल हवा. अजून खोल. वर गुहेतला प्रतिध्वनी हवा. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे आणि व्यंजनं राहतात २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास. घरातल्या चपट्या टीव्हीचे मागे तोंड करून बसवलेले बोटभर स्पीकर १०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही ऐकवत नाहीत. म्हणजे तुम्ही मेहनतीनं वाढवलेला खर्ज स्टुडिओतच राहतो, प्रतिध्वनी व्यंजनांवर पसरतो आणि घरी पोचतो तो नुसता गुरगुराट. इअन रिचर्डसननं २००६ साली हा आवाज कोरडा, नेमका, जवळजवळ कारकुनी ठेवला. प्रत्येक शब्द लागला. तसं करू नका, लोक ऐकत बसतील.

मृत्यूची नात सुझन, तिला प्रेमात पाडा.

दुकानात आलेल्या मुलीला मृत्यू खरीखुरी तलवार देतो, ती प्लॅस्टिकची करा आणि प्रसंग तेवढाच विनोदी राहील अशी आशा बाळगा.

पार्श्वसंगीतात घंट्या, सेलेस्टा आणि टिचक्या मारल्यासारखी व्हायोलिनं. सगळीकडे. खुनाच्या प्रसंगातही.

लांबीचं बघा. कादंबरी मोठ्यानं वाचायला साधारण दहा तास लागतात. ब्रिटनमध्ये कुठल्याही एका तासात जाहिराती १२ मिनिटांच्या वर जाऊ शकत नाहीत, म्हणजे दोन तासांच्या स्लॉटमध्ये दीड तासाच्या आसपास चित्रपट बसतो. तेव्हा कापावं लागणारच. कथेचे चार पदर आहेत: भेटी वाटत फिरणारा मृत्यू, त्याची नात सुझन, पोरांचे पडलेले दात नेणाऱ्या दातपरीच्या मनोऱ्यात घुसलेला मारेकरी टीटाइम आणि विद्यापीठातले खादाड जादूगार. जादूगार कापा! ते नुसते जेवतात आणि भांडतात, असं सारांशात लिहिलेलं असतं. आता कादंबरीचं यंत्र कसं चालतं ते सांगतो, म्हणजे नेमका कुठला खिळा काढायचा ते कळेल. हॉगफादर नाहीसा झाल्यावर त्याच्यावरची श्रद्धा शिल्लक राहते, सांडते, वाहत सुटते. मग कुणी सहज ज्याचं नाव घेईल ते जन्माला येतं: पायाला चामखीळ आणणारा बुटका, धुण्यातले मोजे खाणारा प्राणी, हँगओव्हरचा देव बिलियस. पितो दारूचा देव आणि डोकं धरतं याचं. यातलं बरंचसं घडतं आणि सगळं उलगडतं ते विद्यापीठात. जादूगार गेले की बिलियस कुठून आला ते कुणालाच कळत नाही. तरी तो सुझनबरोबर शेवटपर्यंत हिंडत असतो, कारण त्या नटाचा करार झालेला असतो. मग तिसऱ्या ब्रेकनंतर एक पात्र दुसऱ्याला सांगतं, 'तुला माहीतच आहे की श्रद्धा म्हणजे…' माहीत आहे तर सांगतोस कशाला बाबा?

आणि हो, प्रत्येक ब्रेकनंतर मागचं सगळं पुन्हा सांगा. प्रेक्षक सणाच्या दिवशी भांडी घासत, पाहुण्यांना दार उघडत बघतो असं तुमच्या वाहिनीला वाटतं. आपल्याकडच्या दिवाळीच्या महाएपिसोडांनी हे शास्त्र फार पुढं नेलेलं आहे. एक कानशिलात तीन कोनांतून आणि ब्रेकनंतर पुन्हा पहिल्यापासून. तिथून शिका.

दातपरीचा मुलूख खरा दिसला पाहिजे. पुस्तकात तो लहान मुलानं काढलेल्या चित्रासारखा आहे. वर निळ्या आभाळाची पट्टी, खाली हिरवळ आणि मधे काहीच नाही. घराला चार खिडक्या, धुराड्यातून धुराचं वेटोळं. सुझनला या जागेचं गुपित उमगतं ते याच विचित्रपणामुळे. पण असं रंगवलं तर बजेट कुठं गेलं, असं वरचे विचारतील. म्हणून क्षितिज जोडा, ढग घाला, धुकं सोडा. भव्य दिसेल. पुस्तकातला एक पुरावाच खोडला जाईल, पण भव्य दिसेल.

बर्फ उन्हाळ्यातच शूट करा, सगळे तसंच करतात. कागदी बर्फ जमिनीवर छान बसतो, पण ओल्या झग्याला चिकटून लगदा होतो आणि दोन शॉटमधली झग्याची अवस्था जुळत नाही. फेसाचा बर्फ झोकात पडतो आणि जमिनीवर पोचताच विरतो, मागे ओले डाग. त्याच्या पंख्याचा आवाज असा की सगळे संवाद पुन्हा डब करावे लागतात. शिवाय जूनमध्ये तोंडातून वाफ येत नाही. ती नंतर संगणकावर काढायची, तीही सगळ्यांच्या तोंडची, मृत्यूची सोडून. वाफ मृत्यूच्या तोंडूनही आली तर कुणाला कळणार आहे? प्रत्येक वाचकाला कळतं, पण वाचकांना विचारतंय कोण.

मुलांचे प्रसंग दिवसाच्या शेवटी ठेवा. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे पाच ते आठ वर्षांच्या मुलाकडून दिवसाला तीनच तास प्रत्यक्ष काम घेता येतं. आधी स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि दर बारा मुलांमागे किमान एक परवानाधारक सांभाळणारी व्यक्ती. सकाळी प्रकाशयोजना बिघडली की दुपारी मूल जांभया देतं आणि संध्याकाळी घरी जातं. मग काड्यापेटीवालीचा प्रसंग चार शॉटमध्ये उरका. नाहीतरी तो सणाच्या मूडला जरा जडच जातो. बर्फात गारठून मेलेली पोर, आणि असं व्हायचंच, सणाला दुसऱ्याचं दुःख बघून लोकांना आपलं बरं वाटतं, असं समजावणारा मृत्यूचा नोकर आल्बर्ट. मृत्यू ते ऐकून घेत नाही. आज मी हॉगफादर आहे, तर भेट देणं माझ्या हातात आहे, असं म्हणून तो तिला पुढचं आयुष्य देऊन टाकतो. चार शॉट पुरे. तीनही चालतील.

आता शेवट.

शेवटी बर्फात उभी राहून सुझन आजोबाला विचारते की एवढा आटापिटा कशासाठी, हॉगफादरला वाचवलं नसतं तर काय झालं असतं. मृत्यू म्हणतो, सूर्य उगवला नसता. ती विचारते, मग काय झालं असतं? आणि उत्तर येतं की जळत्या वायूच्या एका गोळ्यानं जगाला उजेड दिला असता. हा दोन टप्प्यांचा विनोद आहे. पहिला टप्पा भिंत, दुसरा दार. त्या दारातून पुस्तक आत शिरतं. पोरांनी आधी छोट्या खोट्यांवर विश्वास ठेवायचा, दातपरीवर, हॉगफादरवर, म्हणजे पुढं मोठ्या खोट्यांवर ठेवता येतो. न्यायावर, दयेवर, कर्तव्यावर. विश्व दळून अगदी बारीक चाळणीनं चाळलं तरी त्यात न्यायाचा एक कण सापडणार नाही, आणि तरी तो आहे असं धरून माणसं वागतात, म्हणून ती माणसं. सबंध कादंबरी, डुकरं, दात, मोजे खाणारा प्राणी, सगळं या पाच मिनिटांकडे चाललेलं असतं.

तर ब्रेक कुठं घ्यायचा? 'सूर्य उगवला नसता' आणि 'मग काय झालं असतं' यांच्या मधे. परवाच एका ॲपनं हे घडवून दाखवलं. फ्रिज, मग बँक, मग पुन्हा तोच फ्रिज. परत आलो तर सुझनचं वाक्य अर्धं होऊन गेलेलं. ही काही कुणाची खोड नाही, ही पद्धत आहे. फाइलमध्ये ब्रेकच्या खुणा टाकाव्या लागतात. टाकल्या नाहीत तर सॉफ्टवेअर ठरावीक मिनिटांनी किंवा काळी फ्रेम सापडेल तिथं कापतं. संवादाआधी एक ठहराव असतो, रात्र असते, पडदा काळवंडलेला असतो. यंत्राला वाटतं, सीन संपला. यंत्राला वाटणारच! पण तुम्हाला काय झालं होतं? एक माणूस बसवून तीन तासांची एक फाइल डोळ्यांनी बघायला किती लागतं? तीन तास लागतात! वर्षातून एकदा येणाऱ्या सणाच्या कार्यक्रमासाठी तीन तास नाहीत तुमच्याकडे, आणि थंबनेलवर मृत्यूच्या कवटीला लाल टोपी घालायला आख्खा विभाग आहे.

आणि हे फक्त ॲपवाल्यांना नाही. पटकथेच्या टेबलावर बसून 'शेवट जरा तात्त्विक होतोय, छोटा करू' म्हणणाऱ्यांनाही हेच. तुम्ही पुस्तक वाचलेलं नाही. चार पानांचा सारांश वाचलाय, तोही कुणाकडून तरी लिहून घेतलेला. त्यात 'नाताळ', 'खून', 'विनोद' हे शब्द दिसले आणि तुम्हाला वाटलं, यावर घंट्या लावल्या की झालं. २०२१ साली प्रॅचेटच्याच पुस्तकांवरून काढलेल्या 'द वॉच' मालिकेच्या वेळी वाचक चिडले ते कपडे बदलले म्हणून नव्हे. बदल करा ना, कोण नको म्हणतंय? २००६ च्या लोकांनीही केले. पण काय बदलतोय ते माहीत असलेल्यानं बदलायचं. खिळा कशाला धरून ठेवतो हे न बघता तो उपटायचा, आणि फळी पडली की पुस्तकच पडद्यासाठी अवघड होतं म्हणायचं, हा निलाजरेपणा आहे.

सणाच्या रात्री तीन पिढ्या एका खोलीत बसून जे बघतात, त्यात पोरांना डुकरं दिसतात आणि आजीला तो संवाद ऐकू येतो. दोघांनाही मूर्ख समजणं थांबवा. तो संवाद सलग चालू द्या. ब्रेक त्याच्या आधी घ्या, सुझन बर्फात पाऊल टाकते तिथं. नेमकी फ्रेम संकलकाला विचारा, त्याला पाठ असते. त्यासाठी एक फोन लागतो, समिती नाही.